समेवर कोणी नाही

आज सकाळी रेडिएटर पहिल्यांदा वाजला. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या या जुन्या विटांच्या इमारतीत थंडी आल्याची वर्दी तळघरातला बॉयलर देतो. वाफ पाइपांतून वर चढायला लागते आणि सहा महिने गप्प पडलेलं लोखंड, आत कुणाला तरी कोंडून ठेवल्यासारखं, ठोठावायला लागतं. दोन ठोके, मग काहीच नाही, मग एक. पाइपात साचलेलं पाणी आहे ते, असं हेमंत म्हणतो. हेमंत म्हणजे माझा नवरा. इंजिनिअर माणूस, त्याचं बरोबरच असणार. पण पाच वर्षं झाली तरी त्या पहिल्या ठोक्याला माझा हात आपोआप पोटाकडे जातो. पोटात आता कोणी नाही. सई शाळेत गेलेली असते, तिचं अर्धं खाल्लेलं टोस्ट टेबलावर असतं, तरी हात जातोच.

आपल्याकडे पितृपंधरवडा संपला की घरं झाडूनपुसून लोक देवीच्या तयारीला लागतात. इथे परदेशात साधारण त्याच सुमाराला लोक भुताखेतांच्या सणासाठी अंगणात थडगी मांडतात. थर्मोकोलची थडगी, झुडपांवर कापसाची कोळिष्टकं, कुणाच्या व्हरांड्यात आरामखुर्चीवर ऐसपैस बसवलेला हाडांचा सापळा. आमच्या कोपऱ्यावरच्या साडीच्या दुकानाच्या काचेत पणत्या आणि शेजारच्या लाँड्रीच्या काचेत वटवाघळं. दोन हजार तीनच्या त्या ऑक्टोबरात मी सहा महिन्यांची गरोदर होते, आणि किराणा घेऊन परत येताना रोज या थडग्यांच्या मधून चालत यायची. मिरजेला आईला फोनवर हे सांगितलं असतं तर तिने तिथूनच माझी दृष्ट काढली असती. सांगितलं नाही. त्या दिवसांत आईला न सांगितलेल्या गोष्टींमध्ये ही सगळ्यात किरकोळ होती.

मोठी गोष्ट वेगळी होती. सहाव्या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी पोटावर ते छोटं यंत्र टेकवलं आणि बाळाच्या हृदयाचा आवाज खोलीभर पसरला. पिठाच्या गिरणीचा पट्टा पळतो तसा, धपधप धपधप, एकसारखा. हेमंतने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आणि तेवढ्यात एक ठोका आलाच नाही. मग पुन्हा धपधप, पुन्हा एक जागा रिकामी. बाईंनी यंत्र जरा सरकवलं, पुन्हा ऐकलं, मग टिश्यूने पोट पुसत शांतपणे सांगितलं, की बाळाचं हृदय मध्येच एखादा ठोका सोडतंय. बऱ्याच बाळांमध्ये असतं, जन्माआधी बहुतेकदा आपोआप जातं. फार थोड्या बाळांमध्ये मात्र ते बिघडतं, हृदय भलत्या वेगाने धावायला लागतं आणि दमतं. म्हणून दर आठवड्याला येऊन ऐकायचं. बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच यायचं. आणि चहा-कॉफी बंद.

"डॉक्टर नॉर्मल आहे म्हणून राहिली ना? मग तू कशाला टेन्शन घेऊन राहिली?" गाडीत हेमंत म्हणाला. तो नागपूरचा. काळजी वाटली की त्याचं नागपूर जास्त बाहेर येतं. "फक्त आईला नको सांगू सध्या. तिकडे त्या झोपणार नाहीत."

माझी अडचण अशी होती, की मी तबला शिकलेली बाई. लहानपणापासून गुरुजींसमोर मांडी घालून बसलेली. मला ठोके मोजावे लागत नाहीत, ते अंगात आपले आपण मोजले जातात. त्या खोलीत हेमंतला बाळाचं हृदय ऐकू आलं आणि मला त्यातल्या मोकळ्या जागा. घरी आल्यावर भांडी घासताना, केस विंचरताना त्या जागा माझ्या डोक्यात सुरूच राहिल्या. शिवाय चहा नाही. दुपारी तीन वाजता चहाशिवाय बसलेल्या मराठी बाईला काय काय सुचू शकतं हे त्या डॉक्टरबाईंना माहीत नसावं.

हेमंत तेव्हा कन्सल्टिंगमध्ये होता. सोमवारी सकाळी मिनियापोलिसला उडायचा, गुरुवारी संध्याकाळी उतरायचा. शुक्रवारी आम्ही दोघं जाऊन बाळ ऐकून यायचो. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. तबला-डग्गा सुटकेसमध्ये बसेना म्हणून मिरजेलाच राहिलेला. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी डोहाळजेवणाचं विचारलं तर मी पुढे ढकललं, हिरवी साडी नेसून गाणी म्हणून घ्यायचं धैर्य होईना. तेव्हा सोमवार ते गुरुवार घरात मी, पोटात ते, आणि भिंतीतला पाइप.

त्या पाइपातून गाणं यायचं. आमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे मिस आयव्हीची बैठकीची खोली होती. मिस आयव्ही म्हणजे जिन्यावर समोर दार, मागे भिंतीला भिंत अशा फ्लॅटमधली सत्तरीची, उंच, ताठ बाई, तरुणपणी जमैकाहून इकडे आलेली. तिच्या चर्चमधल्या बायका तिला मिस आयव्ही म्हणत म्हणून मीही म्हणायची. नुसतं नाव घ्यायला जीभ रेटेना, आणि मावशी म्हटलेलं तिला कळलं नसतं. रोज दुपारी ती एकच रेकॉर्ड लावायची. पाइपातून येताना गाण्यातलं बरंचसं वाटेत सांडून जायचं. उरायचं ते एक कोरडं, तुटक चक, चक, चक, गिटारचं, आणि त्यावर एका पुरुषाचा आवाज, किंचित नाकातून, गोड, कायम जरा घाईत असल्यासारखा. त्याच्या मागे सावलीसारखा एका बाईचा.

हे गाणं मला छळायला लागलं. 'चक' हाच ठळक ठोका, तेव्हा तीच सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, असं धरून माझं अंग मोजू लागलं. आणि तो गवई दर वेळी समेच्या अर्धी मात्रा अलीकडे पडायचा. एकदा नाही, प्रत्येक ओळीला. कच्चा आहे, मी निकाल देऊन टाकला. आमच्या गुरुजींनी असल्याची साथ सोडून तबल्यावर गवसणी घातली असती. पण एरवी हसून सोडून दिलं असतं ते त्या दिवसांत सोडवेना. पोटात एक चुकणारा ठोका आणि भिंतीत एक चुकणारा गवई. दोघं एकमेकांचं ऐकताहेत अशी एक वेडी शंका एका दुपारी मनात आली, आणि मी चपला घालून सरळ समोरचं दार वाजवलं. आवाज कमी करा म्हणून सांगायला.

मिस आयव्हीने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात इस्त्री होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, पोटाकडे बघितलं आणि काही न विचारता मला दंडाला धरून आत घेतलं. तिचं इंग्रजी माझ्या कानांना नवीन होतं, शब्द समुद्राच्या पाण्यासारखे एकात एक मिसळणारे. इथे मी ते आपल्या भाषेत लिहिते आहे, कारण मला ते तसंच आठवतं. सोफ्यावर पारदर्शक प्लास्टिक, टेबलांवर खळ घालून ताठ केलेले क्रोशाचे रुमाल, आणि खोलीभर चर्चच्या गायकांचे पांढरे झगे हँगरला लटकलेले. उन्हं उतरत होती. खिडकीतून वारा आला की ते बिनमाणसांचे झगे एकदम थोडेसे वळायचे.

"हा कोण गातोय?" मी विचारलं. तक्रार करायला आले होते ते राहूनच गेलं.

"एझ्रा. माझा नवरा," ती म्हणाली. "आणि मागे मी."

एझ्राला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिने मला रेकॉर्डचं कव्हर दाखवलं. समुद्राच्या कठड्याला टेकून उभा असलेला एक शिडशिडीत तरुण, बारीक टाय, डोळे उन्हाने मिटल्यासारखे. कव्हरच्या अगदी कडेला फ्रॉकची बाही आणि एक कोपर. "हे कोपर माझं," मिस आयव्ही म्हणाली आणि पोट धरून हसली. कव्हरवर तिचं नाव कुठेच नव्हतं. पहिल्या बाजूला त्याची सुरुवातीची गाणी, पायाखाली निखारे ठेवल्यासारखी जलद. त्याला स्का म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या बाजूला नंतरची, मंदावलेली, रेगे. ती सांगायची, की एझ्रा वयाने सावकाश झाला आणि त्याच्याबरोबर अख्खं बेट सावकाश झालं. त्यातली तीन गाणी एके काळी तिकडे प्रत्येक नाक्यावर वाजत होती. एक वरातीचं, एक बोटीवर चढणाऱ्या माणसाचं आणि एक फाटकाचं. फाटकाचं गाणं सगळ्यांत गाजलेलं, आणि सगळ्यांत संथ. बरीच वर्षं परगावी असलेला माणूस बायकोला सांगतोय, फाटक लोटून ठेव, मी येतोय. तीन कडवी तो येतच असतो. पोचल्याचं गाण्यात कुठेही नाही.

तिने ते लावलं आणि पुन्हा इस्त्री करायला लागली. मी सवयीने मोजत होते. तेवढ्यात माझं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. अनवाणी, मोठा, भेगा पडलेला पाय ती लाकडी जमिनीवर हळूच उचलून ठेवत होती. आणि तो पाय माझ्या समेवर पडत नव्हता. 'चक' वाजायचं तेव्हा पाय हवेत असायचा. मी दोन आठवडे चुकीच्या ठिकाणी सम धरून बसले होते. गिटार दोन पावलांच्या मधोमध वाजत होती, आणि तो गवई, ज्याला मी कच्चा म्हटलं, केसाइतकाही इकडेतिकडे नव्हता. मिरजेच्या एका खोलीत, ठळक वाजेल ते खरं असं शिकलेल्या माणसाचीच ही चूक. मला लाज वाटली आणि गंमतही वाटली. मी तिच्या पायाबरोबर नव्याने मोजायला लागले.

आणि मोजता मोजता थबकले. कारण जिथे आता माझी सम पडत होती तिथे कोणीच वाजवत नव्हतं. ढोलाचा ठोका तिसऱ्यावर. खर्जातली बास गिटार जरा थांबून, मागून येणारी. गिटार आणखी नंतर. पहिली जागा मोकळी, प्रत्येक आवर्तनात, न चुकता मोकळी. आपल्याकडे सगळे सुटतात, भांडतात, कोपऱ्याकोपऱ्यात पळतात ते शेवटी समेवर भेटायला. आपल्या तालातली खालीची मात्रासुद्धा अगदी रिकामी नसते, निदान हात तरी हवेत हलतो. इथे समेवर कोणी नाही, आणि तरी सगळे तिच्याभोवती अशा अदबीने वाजवताहेत, की तिथे कुणीतरी बसलेलं आहे आणि त्याला धक्का लागू द्यायचा नाही.

"पहिला ठोका कुठे आहे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चमत्कारिक वाटला. मग मी तिला बाळाचं सगळं सांगितलं. आईला न सांगितलेलं, मंडळातल्या बायकांना न सांगितलेलं, या अर्ध्या ओळखीच्या बाईला सांगून मोकळी झाले.

तिने इस्त्री उभी केली. "वाजवला नाही म्हणजे नाहीच, असं थोडंच असतं, डार्लिन?" ती म्हणाली. तिने हे धीर द्यायला म्हटलं होतं. पण मला त्याने धीर आला की भीती वाटली हे आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मी बहुतेक दुपारी बेडरूममध्ये भिंतीला पाठ लावून बसायची आणि ते गाणं ऐकायची. आता ते मला पाठ झालं होतं. फाटकाच्या गाण्यात एक विचित्र प्रकार होता. गाणं सुरू होण्याआधी, सुई टेकल्यावरच्या खरखरीत, एझ्राची पहिली ओळ अगदी पुसट, फार लांबून ऐकू यायची. मग शांतता. आणि मग तीच ओळ पूर्ण आवाजात. आधी त्याचं येणं, मग तो. हेमंतला विचारलं तर त्याच्याकडे उत्तर तयार. रेकॉर्डवरच्या खाचा फार जवळजवळ असल्या की एका वेढ्यातला आवाज अलीकडच्या वेढ्यात उमटतो, म्हणून पुढचं आधी ऐकू येतं. मिस आयव्हीला विचारलं तर ती म्हणाली, एझ्रा पहिल्यापासून तसाच, फाटकापाशी आला की एकदा आधी खाकरायचा. मला दोन्ही उत्तरं पटली.

हिवाळ्यासाठी इथे सगळ्यांनी घड्याळं एक तास मागे केली. साडेचारलाच अंधार पडायला लागला. अंगणातली थडगी लोकांनी गोळा केली, पण एखाददुसरं पालापाचोळ्यात विसरून राहिलं. शुक्रवारच्या फेऱ्या चालू होत्या. कधी बाळाचे ठोके बराच वेळ सरळ यायचे, कधी दर चौथी जागा रिकामी. डॉक्टरबाई म्हणायच्या, वाट बघू. वाट बघणं ही क्रिया मी आयुष्यात कधी इतकी केली नव्हती.

एका बुधवारी जिन्यात मिस आयव्ही भेटली. मी खालून टपाल घेऊन येत होते, ती कचऱ्याची पिशवी घेऊन खाली निघाली होती. मी म्हटलं, "आज फाटकाचं फार छान लागलं होतं. दोघांचे आवाज अगदी स्वच्छ आले."

"आज?" ती म्हणाली. "सुई तर रविवारी मोडली, बेबी. नवी यायची आहे अजून."

मी म्हटलं, पण मी ऐकलं. सोमवारी, काल, आज, रोज.

तिने कचऱ्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, की इस्त्री करताना ती आपला भाग गाते. आपलाच, मागचा, दुसऱ्या आवाजाचा. एझ्राचा भाग तिने कधी गायला नाही. तो येईल तेवढी जागा सोडते आणि पुढे जाते. "मला ऐकलं असशील," ती म्हणाली. "त्याला कसं ऐकलंस?"

मी त्याला ऐकलं होतं. तो नाकातला गोडवा, तिसऱ्या कडव्यात 'येतोय' वरची ती छोटी हरकत, सगळं. मिस आयव्हीने पिशवी खाली ठेवली आणि कठड्याला धरून ती हळूच पायरीवर बसली. मला वाटलं, घाबरली. पण तिने मान वर केली, आणि नात्यातलं कुणी गावाकडून येताना भेटलं की विचारतात तशा स्वरात विचारलं, "कसा होता तो?"

"बरे होते," मी म्हटलं. "छान गात होते." इतके दिवस मी मनात त्याला अरेतुरे करत होते, ते त्या क्षणापासून सुटलं.

हेमंतचं फोनवर म्हणणं पडलं की मेंदूच आहे, रिकामी जागा भरून काढतो. "सिंपल आहे यार. पाठ झालं की ब्रेन गॅप फिल करतो." त्याने माझी समजूत घालायला सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर मी गार पडले. कारण मेंदू जर एका मेलेल्या माणसाचं अख्खं गाणं भरून काढू शकतो, तर पोटातल्या लाथा कशावरून खऱ्या? डॉक्टर दर आठवड्याला विचारायच्या, हालचाल आहे ना? मी ठामपणे सांगायची, आहे. आता सांगणार कोणाच्या भरवशावर?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डाव्या कुशीवर पडून होते. डावीकडे एक ढोसणी लागली. मग जरा वेळाने दुसरी. एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी नुसती पडून राहिले आणि प्रत्येक वेळी विचारत राहिले, हे तू आहेस की मी? खिडकीबाहेर काळोख उतरत होता. आईला फोन करावासा वाटला, पण तिला सुरुवातीपासून सगळं सांगावं लागलं असतं. दवाखान्यात फोन करून काय सांगायचं? हालचाल जाणवतेय पण माझा माझ्यावर विश्वास नाही? मी उठले, आणि समोर जाऊन दार वाजवलं.

मिस आयव्हीने ऐकून घेतलं. मला प्लास्टिकच्या सोफ्यावर आडवं केलं, हात इस्त्रीजवळ धरून गरम केला आणि माझ्या पोटावर ठेवला. "तू काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "मला कळलं की मी सांगीन."

आम्ही थांबलो. भिंतीला लटकलेले झगे, कोपऱ्यात मुका रेकॉर्ड प्लेअर. डावीकडे ढोसणी लागली. मी दात आवळून तिच्याकडे बघितलं. मिस आयव्ही गप्प. पुन्हा लागली, या वेळी जोरात. ती गप्प. तिचे डोळे मिटलेले, हात तसाच. म्हणजे मीच. हे सगळं मीच भरत होते, किती दिवस, देवा, किती दिवस. मी रडायच्या बेतात होते आणि तेवढ्यात ती म्हणाली, "हं."

मला काहीही जाणवलं नव्हतं.

"हं," ती पुन्हा म्हणाली. "हा काय. जोरात मारतोय." मला तेव्हाही काही जाणवलं नाही. तिचा हात माझ्या पोटावर होता आणि पोटात जे होतं ते माझ्याशी न बोलता तिच्याशी बोलत होतं. मी तिचं मनगट घट्ट पकडलं. तिने एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, कोट अंगावर चढवला, मला माझा आणून दिला आणि टॅक्सीला फोन केला.

हॉस्पिटलमध्ये नर्सने पोटाला पट्टा बांधला. मिस आयव्ही टोपी न काढता शेजारी बसून होती. कागदावर रेघ चालू झाली, आणि गिरणी वाजायला लागली, मध्येमध्ये अडखळत, पण जोमाने. बाळ जागं होतं, हालत होतं. नर्सने समजावलं, की आतल्या बाजूला मारलेली लाथ वरच्या हाताला कळत नाही, आणि वरच्या बाजूची प्रत्येक आईला कळतेच असं नाही. तुझ्या खऱ्या, हिच्याही खऱ्या. मी इतकी रडले की तिने आणखी टिश्यू आणून दिले. तो गुरुवार होता, हेमंत उतरल्याउतरल्या हॉस्पिटलमध्येच आला. काही नाही, काही नाही म्हणत माझे हात चोळत राहिला. त्याचेच हात बर्फासारखे होते. मग विमानतळावरून येताना घेतलेला सामोशांचा पुडा उघडून तो स्वतःच सगळे खाऊन बसला, आणि मग तोही रडला.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी डॉक्टरबाईंनी यंत्र टेकवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. एकही जागा रिकामी नव्हती. त्यांनी अंगठा दाखवला. हेमंतने मोबाइल बाहेर काढून तो आवाज आईला ऐकवला, आणि मग आईला सगळं सांगावंच लागलं. ती आधी ओरडली, मग देवापुढे साखर ठेवायला गेली. मला आनंद झाला, अगदी पायापासून झाला. तरी गाडीत बसल्यावर चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. इतके आठवडे त्या मोकळ्या जागेपाशी मी श्वास रोखून उभी होते, तिथे कान लावून बसले होते, तिथल्या अंधाराची मला सवय झाली होती. ती जागा आता बुजली होती. तिथे काय होतं मला माहीत नाही. पण काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही.

सई फेब्रुवारीत झाली, टाहो फोडत. त्याच उन्हाळ्यात मिस आयव्हीचा भाचा तिला फ्लोरिडाला घेऊन गेला. प्लास्टिक, झगे, रेकॉर्ड सगळं गेलं. पहिल्या ख्रिसमसला तिचा फोन आला, पुढच्या वर्षी आला नाही. दोन वर्षांपूर्वी हेमंतला इंटरनेटवर एझ्राच्या गाण्यांची सीडी सापडली, जुनी गाणी धुऊनपुसून नव्याने काढलेली. त्याने मोठ्या कौतुकाने मागवली. ढोल आता छातीत वाजतो. खरखर नाही. फाटकाचं गाणं सरळ सुरू होतं, आधीची ती पुसट ओळ त्यांनी दोष समजून काढून टाकली आहे. एझ्रा आता एकदाच येतात. कव्हरवर तोच फोटो आहे, पण जरा आतून कापलेला, त्यामुळे कोपर गेलं. दुसरा आवाज आहे, नाव अजूनही नाही. मी सीडी ऐकते, पण भिंतीला पाठ लावून ऐकत नाही.

सईला काही झालेलं नाही. तिच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, दर वेळी तेच सांगतात, शी इज फाइन. मी तरीही तिच्या छातीला कान लावते. दुपारी झोपली की लावते, आंघोळीनंतर टॉवेलात गुंडाळलेली असताना लावते, खेळता खेळता धरून लावते. ती आता साडेचार वर्षांची आहे आणि तिला याचा कंटाळा येतो. "आई, स्टॉप. इट टिकल्स." मग मी म्हणते, थांब, एकच मिनिट.

आज शाळेतून आल्यावरही तेच झालं. तिने बूट काढले, जॅकेट फेकलं, आणि मी तिला जवळ ओढून कान टेकवला. सगळं जागच्या जागी होतं, एकामागून एक, ठणठणीत. मी सोडल्यावर ती पळाली नाही. "नाऊ माय टर्न," म्हणाली, आणि मला सोफ्यावर मागे ढकलून माझ्या छातीवर तिने आपलं डोकं ठेवलं. केसांना शाळेचा, रंगांचा, सफरचंदाचा वास येत होता. मला वाटलं, दोन सेकंदांत कंटाळेल. ती हलली नाही. चेहरा हळूहळू गंभीर झाला.

"काय गं?" मी विचारलं.

"श्श," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "आई, यू मिस्ड वन."

तिने डोकं उचललं नाही. माझा कुडता मुठीत घट्ट धरून, श्वास रोखून, ती पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिली.